ओव्हरलॅपला एकच प्रतिशब्द का पुरत नाही: तांत्रिक अनुवादात नव्याने येणाऱ्यांसाठी

तांत्रिक अनुवादात नव्याने येणारे बहुतेक जण कठीण शब्दांची धास्ती घेऊन येतात. माझा अनुभव उलटा आहे. कठीण शब्द दिसला की आपण आपोआप थांबतो, कोश उघडतो, कुणाला तरी विचारतो. घात करतात ते ओळखीचे शब्द, आणि त्यांत ओव्हरलॅपला मी पहिला नंबर देईन. सर्वेक्षण, वैद्यक, सॉफ्टवेअर, खेळ अशा निरनिराळ्या विषयांच्या मजकुरांत तो मला भेटत आला आणि जवळजवळ दर वेळी मराठीत वेगळ्या क्रियापदाने उतरला.

शब्दाचा गाभा साधा आहे. दोन गोष्टींचा काही भाग समान असतो किंवा एकावर एक येतो, आणि उरलेला भाग ज्याचा त्याचा राहतो. यातला ‘काही’ फार महत्त्वाचा. सगळेच जुळले तर तो ओव्हरलॅप राहत नाही, आणि नुसती कड कडेला टेकली तरी तो होत नाही. जुन्या इंग्रजीत ‘लॅप’ म्हणजे वस्त्राचा मोकळा, लोंबता भाग, आपल्या पदरासारखा. एक पदर दुसऱ्यावर आला, हे चित्र मनात ठेवले की शब्दाचे बहुतेक अर्थ उलगडतात.

वाक्य हाती आले की मी आधी बघतो की नेमके काय कशावर येते आहे. मग हे येणे जागेत आहे, वेळेत आहे, की अधिकार आणि विषय यांच्या व्याप्तीत आहे. शेवटी हा ओव्हरलॅप मुद्दाम ठेवलेला आहे की टाळायचा आहे. या शेवटच्या प्रश्नाकडे नवे अनुवादक हमखास दुर्लक्ष करतात, आणि मराठी शब्दाची निवड तर त्यावरच ठरते.

हवाई छायाचित्रणाचे उदाहरण घ्या. विमानातून नकाशासाठी फोटो काढताना लागोपाठच्या दोन फोटोंत साधारण 60 टक्के जमीन समान ठेवतात, विमानाच्या शेजारशेजारच्या दोन फेऱ्यांत टिपलेल्या पट्ट्यांत 20 ते 30 टक्के. ड्रोनने केलेल्या कामात हे प्रमाण पुष्कळदा 70 ते 80 टक्क्यांपर्यंत नेतात. जमिनीवरचा बिंदू किमान दोन वेगळ्या जागांवरून टिपला गेला तरच त्याची उंची काढता येते, म्हणून निम्म्याहून अधिक भाग पुन्हा टिपावा लागतो. 60 टक्के ठेवले की पहिल्या आणि तिसऱ्या फोटोतही सुमारे 20 टक्के भाग समान राहतो, आणि त्या समान भागाच्या आधाराने फोटोंची साखळी जुळवता येते. इथे ‘पुनरावृत्ती’ किंवा ‘दुबार भाग’ लिहिले तर वाचकाला वाटेल की हा अपव्यय आहे, कमी करायला हवा. मी ‘सामाईक क्षेत्र’ लिहितो.

बांधकामातल्या सळ्यांचा ओव्हरलॅपही असाच हवा असलेला. एका सळीतला ताण काँक्रीटमार्फत दुसरीत जावा म्हणून दोन्हींची टोके ठरावीक लांबीपर्यंत शेजारी शेजारी ठेवतात. त्याला साइटवर ‘लॅप’ म्हणतात आणि अनुवादातही लॅपच ठेवावा. कारागिराच्या तोंडी रुळलेला शब्द काढून तिथे संस्कृत जोडशब्द बसवणे मला मुळीच पटत नाही. पाळी बदलताना जाणारे आणि येणारे कर्मचारी थोडा वेळ एकत्र असतात, तिथे मात्र नाम शोधूच नये. ‘नवी पाळी आल्यावर जुनी अर्धा तास थांबते’ असे सरळ वाक्य पुरते.

नको असलेल्या ओव्हरलॅपची भाषा वेगळी. पडद्यावर ‘अक्षरे एकमेकांवर चढतात’, दोन विभागांत ‘एकच काम दोघांकडे जाते’, उपशीर्षकांत ‘पहिली ओळ जाण्याआधीच दुसरी येते’.

सॉफ्टवेअरमध्ये वेळा आल्या की जास्त सावध राहा. दोन आरक्षणे एकमेकांत शिरतात का, हे तपासायची अट छोटी आहे: पहिल्याची सुरुवात दुसऱ्याच्या शेवटाआधी, आणि दुसऱ्याची सुरुवात पहिल्याच्या शेवटाआधी. दोन्ही खरे असेल तर ओव्हरलॅप आहे. पण 10 ते 11 आणि 11 ते 12 या वेळांचे काय? शेवटचा क्षण धरायचा नसेल तर त्या फक्त टेकतात. मराठीतला ‘पर्यंत’ इथे गोंधळ घालतो, कारण ‘11 तारखेपर्यंत’ म्हटले की आपण 11 तारीख धरतो, आणि ‘11 वाजेपर्यंत’ म्हटले की त्या ठोक्याला थांबतो. म्हणून सूचनांच्या मजकुरात ‘11 तारीख धरून’ किंवा ‘11 वाजण्यापूर्वी’ असे स्पष्ट लिहा.

याच विषयात जेम्स अ‍ॅलन या संगणकशास्त्रज्ञाने 1983 मध्ये दोन कालखंडांमधले 13 मूलभूत संबंध मांडले. त्यात ओव्हरलॅपचा अर्थ अगदी अरुंद आहे: पहिला आधी सुरू होतो, दुसरा मधेच सुरू होतो, आणि पहिला आधी संपतो. एक कालखंड पूर्णपणे दुसऱ्याच्या पोटात असेल तर त्याला तिथे वेगळे नाव आहे. रोजच्या बोलण्यात मात्र आपण दोन्हींना ओव्हरलॅपच म्हणतो. मजकूर यांपैकी कोणत्या अर्थाने चालला आहे ते कळल्याशिवाय शब्द ठरवू नये.

खेळांतले उदाहरण मी नव्यांना आवर्जून सांगतो. शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत मागच्या होडीने पुढच्या होडीच्या पिछाडीतून काढलेली आडवी रेषा ओलांडली की दोघी ‘ओव्हरलॅप’ झाल्या असे नियम म्हणतात, आणि कोणी कोणाला वाट द्यायची हे त्यावर ठरते. दोघींमध्ये भरपूर पाणी असू शकते. तिथे ‘एकमेकींवर आल्या’ असे लिहिले तर वाचकाला टक्करच दिसेल! फुटबॉलमध्ये बचावपटू आपल्याच विंगरच्या, म्हणजे मैदानाच्या कडेने खेळणाऱ्या आघाडीच्या खेळाडूच्या, बाहेरून पुढे धावतो, तीही ओव्हरलॅपची धाव, आणि तिथेही कोणी कोणावर येत नाही.

वैद्यकात ‘ओव्हरलॅप सिंड्रोम’ हे नाव एकाहून अधिक अवस्थांना आहे. श्वसनरोगात ते सीओपीडी (श्वासाची वाट अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) आणि झोपेतला श्वासरोध एकत्र असण्याला वापरतात, संधिवातशास्त्रात एकाच रुग्णात दोन संयोजी ऊतक विकारांची (शरीराच्या भागांना जोडणाऱ्या, आधार देणाऱ्या ऊतींच्या आजारांची) लक्षणे दिसण्याला. नाव देवनागरीत ठेवा आणि पुढे कोणते दोन विकार ते लिहा. संख्याशास्त्रात दोन सरासऱ्यांचे 95 टक्क्यांचे कॉन्फिडन्स इंटरव्हल (अंदाजाची अनिश्चितता दाखवणारे पल्ले) थोडे एकमेकांत शिरले, एवढ्यावरून त्यांच्यातला फरक लक्षणीय नाही असे ठरत नाही. म्हणून अनुवाद करताना ‘म्हणजेच फरक नाही’ असा खुलासा आपल्या मनाने जोडू नका. संचांच्या गणितात समान घटकांसाठी छेदसंच हा शब्द आहेच, रसायनशास्त्रात पाठ्यपुस्तकातली संज्ञा पाळा.

प्रतिशब्द म्हणून ‘अतिव्याप्ती’ सुचवला जातो, त्याबद्दल माझे मत ठाम आहे: सर्वसाधारण मजकुरात तो नको. न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, अतिव्याप्ती हा व्याख्येचा दोष आहे. ‘शिंगे असलेली ती गाय’ म्हटले की म्हैसही त्यात येते, म्हणजे व्याख्या हवी त्यापेक्षा लांब गेली. ओव्हरलॅपमध्ये असा दोष असेलच असे नाही.

कामाची सोय म्हणून शब्दसंग्रहात ओव्हरलॅपची एकच नोंद करू नका. विषय, हवा की नको, आणि एक नमुना वाक्य अशी प्रत्येक अर्थाची वेगळी नोंद ठेवा. अनुवादाचे सॉफ्टवेअर जुना प्रतिशब्द पुढे करते तेव्हा ही नोंद उपयोगी पडते. तरीही अर्थ लागला नाही तर मूळ लेखकाला ‘याचा अर्थ काय’ असे विचारू नका, तो तोच शब्द पुन्हा समजावत बसेल. कागदावर दोन पट्ट्या काढा, तुम्हाला समजले तेवढा समान भाग रंगवा आणि ‘असेच ना?’ म्हणून पाठवा. उत्तर लवकर येते, आणि चूक असेल तर तो चित्रच दुरुस्त करून देतो.