माकडं, एप आणि लेमूर यांच्या नावांची बहुभाषिक यादी कशी करावी (लाटव्हियनसकट)

मागे एकदा हौसेने एक शीट उघडली, पहिल्या कॉलमला इंग्लिश नावं टाकली, शेजारी मराठी, जर्मन, फ्रेंच आणि लाटव्हियन असे कॉलम केले आणि ट्रान्सलेटरला लावलं कामाला. अर्ध्या तासात शीट भरली आणि नंतर कितीतरी दिवस ती दुरुस्त करत बसलो. चूक एकच होती, पहिल्या कॉलममध्ये इंग्लिश नाव होतं. ते तिथे नकोच. तिथे शास्त्रीय नाव पाहिजे आणि बाकीच्या सगळ्या भाषा, इंग्लिशसुद्धा, त्या एका खुंटीला टांगायच्या.

का ते एका प्राण्यावरून बघा. मकाका सिलेनस. इंग्लिशवाल्यांना याची शेपटी दिसली म्हणून तो लायन-टेल्ड मकाक, मराठीत सिंहपुच्छ माकड किंवा वानर. जर्मन माणसाला दिसली दाढी, म्हणून तिकडे तो बार्टआफं, म्हणजे दाढीवालं माकड. जर्मनमध्ये याला वांदेरू असंही म्हणतात आणि गंमत म्हणजे तो शब्द मुळात श्रीलंकेतल्या लंगुरांचा, सिंहली वांदुरा, कुणीतरी तो उचलून भलत्याच प्राण्याला चिकटवला. आता इंग्लिशवरून जर्मन करायला गेलात तर 'सिंहाच्या शेपटीचं माकड' असलं काहीतरी तयार होईल जे कुठला जर्मन माणूस बोलत नाही. ही नावं एकमेकांची भाषांतरं नसतात, ती एकाच प्राण्याला वेगवेगळ्या लोकांनी मारलेल्या हाका असतात.

१) आधी शास्त्रीय नाव नीट लिहा

दोन शब्द असतात. पहिला प्रजातीचा (जीनस), त्याचं पहिलं अक्षर कॅपिटल, दुसरा जातीचा (स्पीशीज), तो सगळा स्मॉल, दोन्ही इटॅलिकमध्ये. शीटमध्ये हे रोमन लिपीतच ठेवा, मी इथे देवनागरीत लिहितोय ते फक्त वाचायला सोपं पडावं म्हणून. त्यापुढे नाव देणाऱ्याचं आडनाव आणि साल. प्राण्यांच्या नावांची सुरुवात कार्ल लिनियसच्या 'सिस्टेमा नॅचुरी' या पुस्तकाच्या १७५८ च्या दहाव्या आवृत्तीपासून धरतात, त्याआधीचं काही चालत नाही.

इथे एक कंस असतो तो लोक सजावट समजून उडवतात. उडवू नका. मकाका सिलेनस (लिनियस, १७५८) यात कंस आहे कारण लिनियसने त्याला सिमिया सिलेनस म्हटलं होतं, नंतर तो दुसऱ्या प्रजातीत गेला. सिमिया हे नाव तर १९२९ मध्ये रद्दच झालं. उलट बोनोबो बघा, पॅन पॅनिस्कस श्वार्झ, १९२९, याला कंस नाही कारण तो पहिल्या दिवसापासून पॅनमध्येच आहे. म्हणजे कंस दिसला की समजायचं या प्राण्याचं जुनं नाव कुठेतरी पडलेलं आहे आणि जुन्या डिक्शनरीत तो त्याच नावाने सापडणार. त्यासाठी 'जुनी नावं' असा एक कॉलम आत्ताच करून ठेवा.

आणखी एक, शेवटची अक्षरं. लॅटिनमध्ये विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं, आपल्याकडे काळा-काळी-काळं होतं तसंच. बॉनेट मकाकला १८१२ मध्ये नाव मिळालं ते सर्कोसेबस रेडिएटस, नंतर तो मकाकात आला आणि मकाका स्त्रीलिंगी म्हणून रेडिएटसचं रेडिएटा झालं. मग सिलेनस तसाच कसा राहिला? कारण सिलेनस हे विशेषण नाही, ग्रीक कथांमधल्या एका पात्राचं नाव आहे, आणि नाम बदलत नाही. तर 'अस'चं 'आ' सरसकट फाइंड-रिप्लेस करू नका, मी केलं होतं.

२) शिडी लावा, पण मराठी शब्द सांभाळून

वर्ग सस्तन प्राणी, गण नर-वानर म्हणजे प्रायमेट्स, मग कुल, मग प्रजाती, मग जाती. आता घोळ. मराठी शाळेच्या पुस्तकात जाती म्हणजे स्पीशीज आणि प्रजाती म्हणजे त्याच्या वरची जीनस. पण बातम्यांमध्ये 'दुर्मीळ प्रजाती सापडली' म्हणतात तेव्हा त्यांना स्पीशीज म्हणायचं असतं. हिंदीत तर जीनसला वंश म्हणतात आणि प्रजाति म्हणजे स्पीशीजच. त्यामुळे हिंदी पानावरून उचलून मराठीत टाकलं की एक पायरी घसरलीच. शीटच्या वर एका ओळीत लिहून टाका तुम्ही कुठला शब्द कशासाठी वापरताय, आणि मग शेवटपर्यंत तोच.

गणाच्या खाली दोन मोठे गट आहेत, ओल्या नाकाचे आणि कोरड्या नाकाचे. ओल्या नाकाच्यांत लेमूर, लोरिस, गॅलॅगो आणि आय-आय. कोरड्या नाकाच्यांत टार्सियर, अमेरिका खंडांतली माकडं, आफ्रिका-आशियातली माकडं, गिबन, आणि ओरांगउटान-गोरिला-चिंपांझी-माणूस हे एक कुल. जर्मनमध्ये या दोन गटांची नावं शब्दशः ओलं नाक, कोरडं नाक अशीच आहेत, तिथे भाषांतर चाललं म्हणायचं. जुन्या पुस्तकात टार्सियर लेमुरांच्या बाजूला बसवलेला दिसेल, ती मांडणी मागे पडली. आणि लिनियसने तर याच गणात वटवाघळंसुद्धा घातली होती, तेव्हा फार दडपण घेऊ नका.

कुलाचं शास्त्रीय नाव 'इडी' ने संपतं आणि उपकुलाचं 'इनी' ने, तेवढं पाहिलं की कुठल्या पायरीवर आहात ते कळतं.

३) एकच यादी धरा आणि तिची तारीख लिहा

यावर वाद नको. २००५ साली सस्तन प्राण्यांची जी जागतिक यादी छापली गेली तिच्यात प्रायमेट्सच्या ३७६ जाती होत्या, आज आकडा ५०० च्या वर आहे. नवीन प्राणी सापडतात ते थोडे, म्हणजे कांगोमधला लेसुला २०१२ मध्ये आला, सुमात्रातला तापानुली ओरांगउटान २०१७ मध्ये, पण जास्त करून जुन्याच जाती फोडल्या जातात. राखाडी लंगुरांचं घ्या, एके काळी सगळे एकच जात, एंटेलस, आता त्याच्या बऱ्याच जाती झाल्यात आणि त्यांत प्रायम, हेक्टर, अजॅक्स अशी ट्रॉयच्या युद्धातली मंडळी बसलीत (लंगूर आणि ट्रॉय यांचा संबंध शोधू नका). मुद्दा असा की जुन्या डिक्शनरीत 'एंटेलस' समोर एखाद्या भाषेतलं नाव दिसलं तर ते नाव आजच्या एंटेलसचं एकट्याचं नसतं, सगळ्या गटाचं असतं, आणि ते एका ओळीत टाकलं की बाकीच्यांवर अन्याय.

४) 'एप' या शब्दाला घाबरा

इंग्लिशमध्ये मंकी वेगळा, एप वेगळा. एपला शेपूट नसते, त्यात गिबनपासून माणसापर्यंत सगळे. पण ही विभागणी सगळ्या भाषांत नाहीच. फ्रेंच सँझ, जर्मन आफं, लाटव्हियन पेर्तिकिस, हे शब्द दोन्हींना चालतात. मोठ्या एपसाठी मग जोडशब्द करतात, आणि तो बऱ्याच ठिकाणी एकाच साच्यातला निघतो: जर्मनमध्ये मेन्शनआफं, एस्टोनियनमध्ये इनिमआह्व, लाटव्हियनमध्ये त्सिल्वेकपेर्तिकिस, तिन्हींचा अर्थ माणूस-माकड. मराठीत कपी हा शब्द कोशात आहे पण बोलताना लोक एपच म्हणतात, मी दोन्ही लिहितो. आणि माकड-वानर ही आपली जोडी म्हणजे मंकी-एप नव्हे हं, आपण साधारणपणे लाल तोंडाच्या मकाकला माकड आणि काळ्या तोंडाच्या लंगुराला वानर म्हणतो, दोन्ही मंकीच.

इंग्लिश स्वतःपण सरळ नाही. जिब्राल्टरच्या माकडांना ते बार्बरी एप म्हणत आले, तो एप नाहीच, मकाका सिल्व्हानस आहे, शेपूट नावापुरती म्हणून फसले.

५) आता लाटव्हियन

इथे मला सगळ्यात जास्त मजा आली, कारण ही भाषा लांबची वाटते पण तिची एक सवय अगदी आपल्यासारखी आहे. परका शब्द आला की ती उच्चाराप्रमाणे लिहिते आणि वर आपला प्रत्यय लावते, डार्विनचं तिकडे दार्विन्स होतं. त्यामुळे प्राण्यांची नावं ओळखीची वाटतात: मकाक्स, गिबोन्स, लेमुर्स, पाव्हियान्स (म्हणजे बबून), ओरांगुतान्स, गोरिल्ला.

आणि इथेच सापळा. शेवटचा 'स' बघून आपण आणि आपलं सॉफ्टवेअर दोघंही त्याला अनेकवचन समजतो. नाही, तो पुल्लिंगी एकवचनाचा प्रत्यय आहे. एक लेमूर म्हणजे लेमुर्स, अनेक म्हणजे लेमुरी. मकाक्स-मकाकी, गिबोन्स-गिबोनी. 'स' कापून नीटनेटकं करायला गेलात तर शब्द मोडला. उलट गोरिल्ला स्त्रीलिंगी, तिचं अनेकवचन मात्र गोरिल्लास.

पायऱ्यांचे शब्द पाठच करा: कार्ता म्हणजे गण, झिम्ता म्हणजे कुल, ग्यिन्त्स म्हणजे प्रजाती, सुगा म्हणजे जाती. कुलाचं नाव करायची पद्धत सोपी आहे, प्राण्याचं अनेकवचन षष्ठीत घ्यायचं आणि पुढे झिम्ता. गिबोनू झिम्ता म्हणजे गिबनांचं कुल. प्रजातीलाही तसंच, मकाकू ग्यिन्त्स. म्हणजे गिबोनू दिसला की ही नवीन जात नाही, 'गिबनांचं' एवढंच.

जातीच्या नावात ठिकाण असेल तर तेही षष्ठीत पुढे येतं: सुमात्रास ओरांगुतान्स, यापानास मकाक्स म्हणजे जपानी मकाक, काल्नू गोरिल्ला म्हणजे डोंगरांवरचा गोरिला. विशेषण असेल तर लिंग पाळतं, काळा हा शब्द मकाक्सपुढे मेल्नाइस होईल आणि गोरिल्लापुढे मेल्ना. अक्षरांवरच्या रेघा आणि खालचे स्वल्पविरामासारखे तुकडे कॉपी करताना गळतात, ते गळू देऊ नका, त्याने वेगळं अक्षर होतं, आणि शीट सेव्ह करताना यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची अक्षरं नीट साठवणारी पद्धत) आहे ना ते बघा.

६) नावं शोधायची कुठे

विकिडेटावर शास्त्रीय नाव टाका, एकाच पानावर सगळ्या भाषांची लेबलं मिळतात, लाटव्हियनचा कोड एल-व्ही. विकिस्पीशीजवरही बऱ्याच पानांच्या खाली स्थानिक नावांचा भाग असतो. पण हे शोधायला, खात्री करायला नाही. पुष्कळदा लेबलच्या जागी शास्त्रीय नावच डकवलेलं असतं, किंवा कुणीतरी इंग्लिशवरून स्वतः पाडलेला शब्द असतो. लाटव्हियन शब्दाची खात्री तेझाउर्स या ऑनलाइन शब्दकोशात करा, तिथे लिंग आणि विभक्तीची रूपंपण दिसतात. मराठीसाठी विश्वकोश उघडा.

मी प्रत्येक नावापुढे एक छोटा कॉलम ठेवतो, त्यात तीनच अक्षरं चालतात: 'क' म्हणजे कोशात सापडलं, 'व' म्हणजे लोक वापरताना दिसलं, 'भ' म्हणजे कुणीतरी केलेलं भाषांतर वाटतंय. 'भ' वाली नावं बाहेर कुणाला देत नाही. आणि ज्या जातीला त्या भाषेत नाव नाहीच, म्हणजे मादागास्करच्या कितीतरी लेमुरांना मराठीतही नाही आणि लाटव्हियनमध्येही सापडत नाही, तिथे सेल रिकामा ठेवतो, फार तर 'लेमूर, शास्त्रीय नाव अमुक' एवढं. रिकामा सेल दिसला की हात शिवशिवतो, काहीतरी टाकावंसं वाटतं. टाकू नका, पुढच्या वर्षी तुमचीच शीट कुणीतरी पुरावा म्हणून विकिडेटावर चढवेल आणि तुम्ही ते तिथे बघून 'क' लावाल.