दोन वर्षांच्या मुलाला घेऊन स्विस आल्प्स: सहल कशी आखावी

लहान मूल घेऊन युरोपला जायचं म्हटलं की घरातले म्हणतात, "आत्ता कशाला, त्याला काय आठवणार आहे?" आणि एकदा व्हिसा हातात पडला की तेच म्हणतात, "एवढे पैसे घालताय तर पॅरिस, रोम सगळं करूनच या." पहिलं मनावर घेऊ नका. दुसरं तर अजिबात ऐकू नका. एक ते तीन वर्षांच्या मुलाला आगगाडी, गाई, पाणी आणि मोकळं गवत मिळालं की तो दिवसभर खूश असतो, आणि हे सगळं आल्प्समध्ये पावलापावलावर आहे. त्याला सोसत नाही ती रोजची बॅग भरणं-उघडणं, बसमधले सहा-सहा तास आणि मोडलेली दुपारची झोप. म्हणून या लेखातली आखणी एका खोऱ्यापुरती आहे: इंटरलाकेनच्या वरचं लाउटरब्रुनेनचं खोरं, स्वित्झर्लंडच्या बर्नीज ओबरलँड भागातलं.

१. एकच मुक्काम ठरवा

हे खोरं मुलांसाठी सोयीचं आहे, कारण इथे डोंगरावर चढण्याचं काम गाड्या आणि केबल कार करतात. खाली लाउटरब्रुनेन, उंची सुमारे ८०० मीटर. एका बाजूच्या कड्यावर वेंगेन, १,२७४ मीटर. समोरच्या कड्यावर म्युरेन, १,६०० मीटरच्या थोडं वर. वेंगेन आणि म्युरेन या दोन्ही गावांत बाहेरच्या मोटारींना मज्जाव आहे. सामान वाहणाऱ्या विजेच्या छोट्या गाड्या तेवढ्या फिरतात. चालायला नुकतंच शिकलेलं मूल हात सोडून पळालं तरी काळजाचा ठोका चुकत नाही, याचं मोल आई-बाबांनाच कळेल.

माझं मत वेंगेनच्या बाजूने आहे. खाली दरीत कड्यांमुळे ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं. वेंगेनला ते भरपूर मिळतं. लाउटरब्रुनेनहून गाडीने पंधरा मिनिटांच्या आत वर पोचता येतं. स्टेशनपासून सुपरमार्केट दोन पावलांवर आहे आणि वर मेनलिखेन डोंगरावर जाणारी केबल कार गावातूनच सुटते. म्युरेनहून दिसणारा देखावा अधिक जवळचा आणि भव्य, पण खाली-वर करायला एक गाडी जास्त बदलावी लागते. इंटरलाकेन स्वस्त आहे, भारतीय जेवणही मिळतं, मात्र रोज डोंगरावर जायला तास-दीड तास मोडतो. मुलाच्या झोपेच्या हिशेबात तो तास महाग पडतो.

हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या. बुकिंग करताना चार गोष्टी लिहून विचारा: बाळाचा पलंग मिळेल का, स्टेशनपासून चढ किती आहे, लिफ्ट आहे का, खिडक्यांना अंधार करणारे पडदे किंवा झडपा आहेत का. जूनमध्ये रात्री नऊच्या पुढेही उजेड असतो, त्यामुळे शेवटचा प्रश्न विसरू नका.

२. महिना निवडा

शाळेची सुट्टी बघण्याची गरज नसलेली ही शेवटचीच वर्षं, तेव्हा त्यांचा फायदा घ्या. मे महिन्यात महाराष्ट्रातली निम्मी कुटुंबं तिकडे असतात, पण नेमक्या त्याच काळात बऱ्याच केबल कार दुरुस्तीसाठी बंद असतात आणि वरच्या वाटांवर बर्फ असतो. जूनचा उत्तरार्ध फुलांसाठी सुरेख. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि दर दोन्ही चढे. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा मला सगळ्यांत पटतो: हवा स्थिर, गर्दी उतरलेली, आणि सप्टेंबर सरता सरता गाई सजवून खाली आणतात तो सोहळा काही गावांत बघायला मिळतो.

३. व्हिसा आणि विमान

शेंगेन व्हिसाचा (स्वित्झर्लंडसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. सहा वर्षांखालच्या मुलाला व्हिसा शुल्क नाही, अर्ज केंद्राचं सेवाशुल्क मात्र भरावं लागू शकतं. बारा वर्षांखाली बोटांचे ठसे घेत नाहीत. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा मुलाचाही वेगळा हवा. पालकांपैकी एकच जण जाणार असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र तयार ठेवा. मुलाचा पासपोर्ट अजून काढला नसेल तर सगळ्यात आधी ते काम हातात घ्या.

मुंबईहून झुरिकला थेट विमान आहे, साधारण नऊ तासांचं. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसून कमी भाड्यात जातं. वाढदिवस सहलीच्या मधेच येत असेल तर परतीला त्याची स्वतंत्र सीट काढावी लागते, हे तिकीट काढतानाच बघा. पाळण्याची जागा हवी असेल तर एअरलाइनला फोन करून वजनाची मर्यादा विचारा. दीड वर्षांचं सुदृढ बाळ त्यात बहुधा मावत नाही.

झुरिक विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे. तिथून इंटरलाकेन ओस्ट (म्हणजे पूर्व) स्टेशन साधारण सव्वादोन तास, बहुतेक वेळा बर्नला गाडी बदलून. डबल-डेकर इंटरसिटी गाड्यांत कुटुंबांसाठी एक डबा असतो आणि त्याच्या वरच्या मजल्यावर चक्क घसरगुंडी असते. रात्रभराच्या विमानानंतर मूल किरकिर करत असेल तर फलाटावर तोच डबा शोधून चढा.

४. पासचा हिशेब

सहा वर्षांखालची मुलं पालकांसोबत रेल्वे, बस, बोट आणि या भागातल्या बहुतेक डोंगरी गाड्यांत फुकट जातात. मोठ्यांसाठी मुख्यतः तीन पर्याय आहेत. स्विस ट्रॅव्हल पास देशभर चालतो आणि वेंगेन, म्युरेन आणि शेजारच्या खोऱ्यातल्या ग्रिंडेलवाल्डपर्यंत नेतो. या गावांच्या वर जाणाऱ्या अनेक केबल कारना नुसती सवलत मिळते. हाफ फेअर कार्डवर जवळजवळ सगळं निम्म्या दरात. बर्नीज ओबरलँड पास फक्त याच भागापुरता. एकाच ठिकाणी राहायचं असेल आणि दिवसाला एकच फेरी करायची असेल तर हाफ फेअर कार्ड बहुधा परवडतं. कागदावर सहा दिवसांच्या फेऱ्या लिहा, बेरीज करा आणि मगच पैसे भरा.

५. उंचीचा निर्णय घरीच घ्या

युंगफ्राउयोख हे युरोपातलं सगळ्यांत उंच रेल्वे स्टेशन, ३,४५४ मीटर. १९१२ पासून तिथे गाडी जाते. २०२० च्या डिसेंबरात आयगर एक्सप्रेस ही केबल कार सुरू झाली आणि ग्रिंडेलवाल्डहून वर जायला आता पाऊण तासच लागतो. मुलाच्या दृष्टीने अडचण तिथेच आहे. साधारण ९५० मीटरवरून ३,४५४ वर पाऊण तासात, आणि वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश. मोठ्या माणसाचं डोकं दुखलं तर तो सांगतो. दीड वर्षांचं मूल फक्त रडतं किंवा मलूल होऊन पडतं, आणि ते भुकेने, झोपेने की उंचीने हे ओळखता येत नाही.

तीनच्या आतल्या मुलाला मी वर नेणार नाही. तुम्हाला न्यायचंच असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांशी बोला, आणि सर्दी असेल तर बेत सरळ रद्द करा, कारण नाक चोंदलेलं असताना दाब बदलला की कान भयंकर दुखतात. आई-बाबांना पाहायची हौस असेल तर पाळीपाळीने जा: एकाने वर जायचं, दुसऱ्याने क्लायने शायडेग या खिंडीतल्या स्टेशनला, २,०६१ मीटरवर, मुलासोबत थांबायचं. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ ही तिन्ही शिखरं तिथून समोरासमोर दिसतात. वर गेलं नाही तर पैसे वाया गेले, असं बिलकुल नाही.

कुठल्याही केबल कारमध्ये चढता-उतरताना मुलाला पाणी किंवा दूध पाजत राहा. गिळलं की कान मोकळे होतात.

६. दिवस मुलाच्या घड्याळावर बसवा

उन्हाळ्यात भारत स्वित्झर्लंडच्या साडेतीन तास पुढे असतो. घरी सातला उठणारं मूल तिथे पहिल्या दिवशी पहाटे साडेतीनला टक्क जागं होईल. दोन-तीन दिवसांत ते साडेपाचवर येतं. त्याला तिथेच राहू द्या. डोंगरावर सकाळ स्वच्छ असते आणि उन्हाळ्यात दुपारनंतर ढग दाटून गडगडाट सुरू होतो, म्हणजे लवकर उठणारं मूल तुमच्या फायद्याचंच आहे. डोंगरांवरचे वेबकॅम सकाळी फोनवर बघा. वर धुकं असेल तर तिकीट काढू नका.

आठ-साडेआठची केबल कार, वर दोन-अडीच तास, साडेअकराला खाली, जेवण, झोप. चारनंतर गावातच बाग, धबधबा, दुकान. सहाला जेवण, साडेसातला अंथरूण. दिवसाला एकच ठिकाण. दुपारची झोप बाबागाडीत झाली तरी चालते, पण तेव्हा तुम्हीही कुठेतरी बसा.

७. जायचं कुठे

मेनलिखेन आधी. वेंगेनहून केबल कार काही मिनिटांत २,२०० मीटरच्या वर नेऊन सोडते. वर खेळाचं मैदान आहे, त्यात भली मोठी गाय आणि घसरगुंडी. समोर तिन्ही शिखरं. इथून क्लायने शायडेगपर्यंतची साडेचार किलोमीटरची उताराची वाट प्रसिद्ध आहे, पण खडीची आहे. लहान चाकांची बाबागाडी तिथे अडते. मोठ्या चाकांची असेल किंवा मूल पाठीवर असेल तरच त्या वाटेला लागा.

दुसरं, ग्रुटशाल्प ते म्युरेन. लाउटरब्रुनेनहून केबल कारने ग्रुटशाल्पला जायचं, तिथून एका डब्याची चिमुकली गाडी कड्याच्या कडेने म्युरेनला जाते. मधल्या विंटरेगला उतरा. तिथे उपाहारगृह आहे आणि मुलांना खेळायला जागा आहे. तिथून म्युरेनपर्यंतची वाट रुंद आणि जवळपास सपाट आहे. वाटेत लाकडाचे ओंडके कोरून केलेले पाण्याचे हौद लागतात, गाईंसाठीचे. आमच्या लेकीने अशा एका हौदाला चिकटून खडे टाकायला सुरुवात केली. एक खडा, मग हात बुडवून तोच बाहेर काढायचा, पुन्हा टाकायचा. बाही कोपरापर्यंत ओली, पलीकडे गळ्यातली घंटा वाजवत गाय उभी, आणि आयगरकडे तिने मान वर करून एकदाही पाहिलं नाही. अशा वेळी ओढून नेऊ नका. कोरडा शर्ट बॅगेत ठेवा आणि तुम्ही आयगर बघत बसा.

म्युरेनहून फ्युनिक्युलरने (दोराने ओढली जाणारी डोंगरी गाडी) आल्मेंडहुबेलला गेलात तर फुलांच्या कल्पनेवर बांधलेलं खेळाचं मैदान आहे. ग्रिंडेलवाल्डहून फर्स्ट या डोंगरावर जाताना मधल्या बोर्ट स्टेशनलाही असंच मैदान आहे. कांडरश्टेग गावाच्या वरचं ओएशिनेनझे हे तळं एका दिवसाच्या फेरीला उत्तम: केबल कार, मग वीस-पंचवीस मिनिटं चाल, आणि काठावर सावली.

लाउटरब्रुनेन ते श्टेखेलबेर्गची दरीतली वाट सपाट आहे, बाबागाडीला एकदम योग्य. सुरुवातीलाच २९७ मीटरवरून कोसळणारा श्टाउबबाख धबधबा दिसतो. दमलात तर परतीला बस आहे. याच वाटेवर डोंगराच्या पोटात ट्रुमेलबाखचे धबधबे आहेत, पण चार वर्षांखालच्या मुलांना तिथे प्रवेशच नाही. अनेक जण हे दारात गेल्यावर वाचतात.

पायवाटांवरच्या पिवळ्या पाट्यांवर लिहिलेली वेळ न थांबता चालणाऱ्या मोठ्या माणसाची असते. ती दुप्पट धरा. पाटीवर पांढरा-लाल-पांढरा पट्टा असेल तर ती डोंगरी वाट, बाबागाडी तिथून मागे फिरवा.

पावसाच्या दिवशी थुन किंवा ब्रिएंझ तळ्यावरची बोट घ्या. आत बसून फिरता येतं.

८. खाणं आणि सामान

भारतातून तूप, पेढे, खव्याचं काही नेऊ नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला मनाई आहे. ताजी फळं, भाज्या, अगदी कढीपत्ताही नको. बाळाचं बंद डब्यातलं दूध आणि बेबी फूड चालतं. तांदूळ, मूगडाळ, भाजलेला रवा, मेतकूट, नाचणी सत्त्व आणि छोटा कुकर एवढं पुरे. शेगडी इंडक्शन असू शकते, म्हणून कुकरचा बूड आधी तपासा. साधं दही, केळी, बटाटे, मसूर, डायपर सगळं कोप आणि मिग्रो या दुकानांत मिळतं. रविवारी ती बहुतांशी बंद असतात, तेव्हा शनिवारी भरून ठेवा. नळाचं पाणी बिनधास्त प्या. उपाहारगृहांत दुपारी दोननंतर बऱ्याचदा गरम जेवण बंद होतं आणि संध्याकाळी सहाला सुरू होतं, म्हणून मऊ भाताचा डबा बरोबर असू द्या.

कपडे पातळ थरांचे घ्या, एक जाड जॅकेट नको. टोपी, सनस्क्रीन, बाबागाडीचं पावसाचं आवरण आणि दोन जोड बूट. तापाचं औषध डॉक्टरांनी वजनानुसार लिहून दिलेलं, चिठ्ठीसकट. रुग्णवाहिकेचा क्रमांक १४४, विषबाधेसाठी १४५, डोंगरात हेलिकॉप्टर बचावासाठी १४१४. तिन्ही फोनमध्ये भरून ठेवा.

परतीचं विमान सकाळचं असेल तर शेवटची रात्र वेंगेनला काढू नका. पहाटे झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन तीनदा गाडी बदलणं जिवावर येतं. आदल्या दुपारी, झोपेच्या वेळेला, झुरिकची गाडी धरा आणि विमानतळाजवळ मुक्काम करा.