जुन्या घरात भुताचा सिनेमा करताय? आधी घर ऐका

दिवाळी संपली की फोन सुरू होतात. "ताई, राजापूरकडे एक घर मिळालंय, बरीच वर्षं बंद आहे, एकदम जबरी. भुताची शॉर्टफिल्म करतोय. चार रात्रींत उरकू." पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतात. शेवाळलेल्या पायऱ्या, पोपडे आलेला गिलावा, कोळिष्टकं. मी लोकेशनवर आवाज घेण्याचं काम करते. फोटोतलं मला काही ऐकू येत नाही, त्यामुळे घर जबरी आहे की नाही ते मी सांगू शकत नाही. प्रत्येकाला तेच ते सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून ठेवतेय.

तर पहिलं काम, घर ऐकायला जा. दिवेलागणीनंतर जा, सगळ्यांचे मोबाइल बंद करा, माजघरात बसा आणि अर्धा तास कोणी तोंड उघडू नका. रेकॉर्डर आणि हेडफोन असतील तर उत्तम, नसतील तर कान पुरेत. मग कळतं, की ज्या घराला आपण एकाकी म्हणत होतो त्याच्या पाठीमागून मुंबई-गोवा महामार्ग गेलाय आणि चढणीला ट्रकने गिअर बदलला की थेट देवघरात ऐकू येतो. कुठे मोबाइल टॉवरचा जनरेटर असतो, कुठे शेजारच्या बागेतला पंप. गावात सप्ता कधी बसतो, लग्नं कधी आहेत, हेही तेव्हाच विचारून घ्या. शिमग्यात तिकडे फिरकू नका. म्हणजे फिरका, पण पालखी नाचवायला.

त्याच अर्ध्या तासात घर स्वतःहून काय बोलतं तेही लिहून काढा. मंगलोरी कौलं दिवसभर तापलेली असतात, रात्री निवताना वाशांसकट टिकटिक करतात. माळ्यावर कांडेचोर, म्हणजे उदमांजर, येऊन जाऊन असतो. तो धावला की खाली बसलेल्या माणसाला मूल पळाल्यासारखं वाटतं. झोपाळ्याच्या कड्या, मागच्या दाराचा अडसर, विहिरीवरचा रहाट, पाटा-वरवंटा. पाल चुकचुकली तर तिला हाकलू नका. एखाद्याने काही बोलल्यावर पाल चुकचुकणं म्हणजे काय, हे आपल्या प्रेक्षकाला वेगळं सांगावं लागत नाही. अशी यादी झाली की अर्धी पटकथा हातात आली समजा. घर जे आवाज करतच नाही ते बाहेरून आणून चिकटवलेले लगेच कळतात, विशेषतः इंटरनेटवरून उतरवलेला तो दाराचा करकराट. तो दरवाजा मी आता इतक्या सिनेमांत ऐकलाय की त्याला तेल घालून यावंसं वाटतं.

घुमण्याची परीक्षा सोपी आहे. प्रत्येक खोलीत मधोमध उभं राहून एकदा टाळी वाजवा. मातीच्या भिंती आणि सारवलेली जमीन असेल तर टाळी तिथल्या तिथे विरते. संवाद अशाच खोलीत ठेवा. घरमालकाने मुंबईहून पैसे पाठवून ओटीवर चकचकीत फरश्या बसवल्या असतील आणि मागे स्लॅबची खोली काढली असेल, तर तिथे शब्द फुटतो. उपाय गोधड्या. कॅमेऱ्याच्या पाठीमागे दोरी बांधून टांगा, जमिनीवर अंथरा. गावात गोधड्या मागून मिळतात, फक्त परत देताना झटकून, घडी घालून द्या.

पावसाळ्याचा मोह सगळ्यांनाच होतो. 'तुंबाड'वाल्यांनी खरा पाऊस मिळवायला कित्येक पावसाळे घालवले. तुमच्याकडे चार रात्री आहेत आणि तुमचा नट शनिवारी संध्याकाळी परत जाणार आहे. कौलांवर आषाढातला पाऊस पडत असताना दोन हातांवरच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, माइकला काय येणार! पाऊस हवाच असेल तर त्या प्रसंगात संवाद लिहू नका. नाहीतर दिवाळीनंतर या.

परवानगीचं थोडक्यात. किल्ली ज्या काकांकडे आहे ते मालक असतीलच असं नाही. सातबाऱ्यावर आणि घरपट्टीवर कोणाकोणाची नावं आहेत ते विचारा. एक भाऊ हो म्हणाला आणि दुसऱ्याने दुसऱ्या रात्री येऊन दिवे विझवायला लावले, हे मी पाहिलंय. शक्य तितक्या हिस्सेदारांकडून लेखी घ्या, ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला पत्र द्या. देवघर वगळा. आणि पहिल्या दिवशी गावदेवीला नारळ देऊन गाऱ्हाणं घाला. तुमचा विश्वास असो नसो, गाऱ्हाण्यानंतर गाव तुमच्या बाजूने असतं. रात्री दीडला जीप बंद पडली की हे उपयोगी पडतं.

आता भूत. पोरं येतात ती यादी घेऊन येतात : हडळ, खवीस, मुंजा, गिऱ्हा. अरे, मुंजा पिंपळावर असतो, गिऱ्हा पाण्याकाठी, चकवा वाटेवर. घरातलं भूत हे घरातलंच असतं. ते तिथे का आहे, याचं उत्तर एका वाक्यात देता आलं पाहिजे, आणि ते उत्तर बहुधा वाटणीच्या कागदांतच सापडतं. समजा घरातली एक बाई, तिचं नाव कागदावर नाही, पण तिने चाळीस वर्षं ही चूल फुंकली. एवढं पुरे. ओटीवरच्या फोटोंच्या रांगेत तिचा फोटो नसणं हे केस मोकळे सोडून किंचाळण्यापेक्षा जास्त बोलतं. पांढरी साडी नको. रोजचं धुतलेलं नऊवारी लुगडं, नीट विंचरलेले केस.

दाखवायची कशी, यासाठी एक सिनेमा आधी बघाच, जॅक क्लेटनचा १९६१ सालचा 'द इनोसन्ट्स'. इंग्लंडमधलं खेड्यातलं मोठं घर, दोन पोरकी मुलं, त्यांना शिकवायला आलेली बाई. मूळ गोष्ट हेन्री जेम्सची, १८९८ची. डेबोरा केर त्यात सगळा सिनेमा चेहऱ्यावर तोलते. मी त्यातला तळ्याकाठचा प्रसंग प्रत्येक नव्या टीमला दाखवते. दिवसाउजेडी, पाण्यापलीकडे लव्हाळ्यात एक काळ्या कपड्यातली बाई उभी आहे. ती काही करत नाही. हलत नाही, जवळ येत नाही, तिचा चेहराही धड दिसत नाही. अंधार नाही, धक्का नाही, तरी अंगावर काटा येतो. दुसरी गोष्ट नीट बघा : आधी बघणाऱ्या बाईचा चेहरा येतो, मग तिला काय दिसलं ते. त्यामुळे भूत खरंच आहे की या बाईच्या डोक्यात आहे, हा प्रश्न शेवटपर्यंत सुटत नाही. तुमच्या परसवात तळं नसेल, पण पोफळीची बाग असेल. दुपारी चारला त्या उभ्या खोडांमध्ये एक माणूस न हलता उभा करा. इतका लांब, की बघणाऱ्याने दोनदा बघावं. नटीला सांगायचं एकच, श्वास दिसू देऊ नकोस.

त्या सिनेमाची आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. स्टुडिओच्या आग्रहामुळे तो सिनेमास्कोपमध्ये काढावा लागला, आणि एवढ्या रुंद चौकटीत घुसमट कशी आणायची हा प्रश्न होता. छायाचित्रकार फ्रेडी फ्रान्सिसने फिल्टरच्या काचांच्या कडा रंगवून गडद केल्या. मधे उजेड, दोन्ही बाजूंना अंधार, आणि त्या अंधारात कोणी असेल का हे प्रेक्षकच शोधत बसतो. स्वस्तातली यूव्ही फिल्टरची काच घ्या, कडेला काळा रंग मध्ये विरळ होत जाईल असा थापा, लेन्स रुंद ठेवा आणि छिद्र पूर्ण उघडं. छिद्र लहान केलंत तर रंगाची कड कापल्यासारखी दिसेल. एडिटिंगमध्येही कडा काळ्या करता येतात, पण मग सेटवर दिवे लावणारा गाफील राहतो.

शिवाय तिथल्या मेणबत्त्या. एकेका मेणबत्तीत जास्तीच्या वाती घालून त्यांनी उजेड वाढवून घेतला होता. आपल्याकडे हे आयतं आहे. समईच्या पाचही वाती लावा, वाती जरा जाड वळा. कंदिलाच्या काचेआड, कॅमेऱ्याच्या विरुद्ध बाजूला, बारीक एलईडी चिकटवता येतो. घरातले एलईडी बल्ब वापरणार असाल तर वीज ५० हर्ट्‌झची आहे हे लक्षात ठेवा : २५ फ्रेम, शटर १/५०. नाहीतर भिंत फडफडते आणि पोरं म्हणतात, इफेक्ट आहे.

जनरेटर आणावा लागलाच तर गोठ्यापलीकडे, शंभरेक मीटर लांब, भिंतीच्या आडोशाला. केबलचं भाडं द्या, कुरकुर करू नका.

शूटिंगच्या दिवशी माझी पहिली चक्कर स्वयंपाकघरात. फ्रिज बंद करायचा आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे फ्रिज परत चालू केल्याशिवाय कोणी घरी जाऊ शकत नाही. मालकाच्या वहिनींचं दही नासलं की पुढच्या टीमला ते घर मिळत नाही. मग इन्व्हर्टर, पंखे, भिंतीवरचं घड्याळ. प्रत्येक खोलीत, सगळे जागच्या जागी गप्प उभे असताना, मिनिटभर नुसती शांतता रेकॉर्ड करा. माजघराची शांतता आणि पडवीची शांतता एक नसते, आणि एडिटच्या टेबलावर हीच मिनिटं सोन्याच्या भावाची ठरतात.

हाकेचं तंत्र सांगते. लांबून आलेली हाक म्हणजे बारीक केलेली हाक नव्हे. भिंती आणि अंतर त्या आवाजाचं जे करतात ते बटण फिरवून नीट होत नाही. १९४९च्या 'महल'मधल्या 'आएगा आनेवाला' गाण्याच्या वेळी लताबाई खोलीच्या कोपऱ्यातून गात गात माइकपर्यंत चालत आल्या, हा किस्सा सगळ्यांना माहीत असतो, पण करत कोणी नाही. तुम्ही करा. नटीला मागच्या पडवीत उभी करा, माइक माजघरात ठेवा, मधली दारं आधी उघडी, मग एकेक करून बंद. चार प्रकारे हाक घ्या. घराची स्वतःची खोली त्या हाकेत उतरते.

आणि रातकिडे. माझ्या मते भुताच्या सिनेमातला सगळ्यात मोठा नट तोच. कोणी जवळून चाललं की रातकिडे गप्प होतात, हे गावाकडच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणजे दाखवायला काहीच नको; परसवातले रातकिडे थांबले की तिथे कोणीतरी आहे. पण पोरं एडिटमध्ये सगळा आवाज एकदम कापतात आणि मशीन बिघडल्यासारखं वाटतं. खऱ्यात काय होतं? जवळचे दोनतीन थांबतात, लांबचे चालूच राहतात. मग शांतता सरकत सरकत दाराकडे येते. हे खरंखुरं रेकॉर्ड करा. रात्री माइक मागच्या दारात लावा, आणि विजेरी न लावता एकाला विहिरीपासून घराकडे हळूहळू चालत यायला सांगा. हातात काठी, पायात बूट, फुरसं दिसत नाही अंधारात. त्याची पावलं ऐकू आली तर परत पाठवा. मला जो तुकडा मिळाला होता त्यात रातकिडे डावीकडून उजवीकडे विझत आले आणि शेवटचा उंबऱ्यापाशीच थांबला. दिग्दर्शकाने त्यावर व्हायोलिन घालायचं म्हटलं, तेव्हा मी चहा प्यायला निघून गेले.

हालचाल दाखवायचीच असेल तर लहानात लहान वस्तू हलवा. रॉबर्ट वाइजच्या १९६३च्या 'द हॉन्टिंग'मध्ये आख्खा दरवाजा श्वास घेतल्यासारखा फुगतो. पातळ थरांच्या लाकडाचं दार होतं आणि पलीकडून माणूस ढकलत होता. तुमच्या घराचं दार फणसाचं, दोन पिढ्या हललेलं नाही. त्याच्या नादी लागू नका. कोयंड्यात लोंबणारी कडी तंगुशीने, म्हणजे मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याने, एकदा, बोटभर हलवा. एकदाच. तंगूस चमकू नये म्हणून तिच्यावर काजळी फिरवा.

शेवटचं काम मिक्सिंगचं. स्टुडिओत मोठ्या स्पीकरवर खर्जातला घूंऽऽ लावून सगळे खूश होतात. तुमचा सिनेमा लोक एसटीत बसून मोबाइलवर बघणार आहेत आणि त्या इवल्याशा स्पीकरमधून खर्ज येतच नाही. म्हणून भीती मधल्या पट्टीत ठेवा : कडी, बांगडी, वाती चरचरणं, झोपाळ्याची कुई. पूर्ण मिक्स झाल्यावर एकदा फोनवर लावा, फोन स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवा, शेजारी कुकर लावा आणि ऐका. कुकरच्या दोन शिट्यांमध्ये जे ऐकू आलं नाही ते वर उचला, आणि मग फाइल बाहेर काढा.