ट्रेकला नेण्याचा घडीचा चाकू
सह्याद्रीतल्या ट्रेकला ७-८ सेंमी पात्याचा घडीचा चाकू पुरतो. पातं उघडल्यावर लॉक होणारा घ्या. बिनलॉकचा चाकू टोकावर जोर दिला की मिटतो आणि बोट कापतो. पावसाळ्यात स्टेनलेसच बरा, तरी लिंबू कापल्यावर पुसून सांध्यात तेलाचा थेंब सोडा. खटक्याचा रामपुरी मात्र नको, तपासणीत तो हत्यारच दिसतो.

शस्त्र नियम २०१६ नुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं शस्त्रात मोडतं. घरगुती आणि शेतीची अवजारं वगळून. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचा आदेश लागू असेल, तर छोटा चाकूही अडचणीत आणतो. निघण्याआधी त्या जिल्ह्यातला आदेश पाहा. प्रवासात चाकू खिशात नको, सॅकच्या तळाशी. विमानात फक्त चेक-इन सामानात.