मानेवर दाढीनंतर येणाऱ्या पुळ्या: माझा अनुभव
दाढी केली की दुसऱ्या दिवशी मानेवर लाल पुळ्या, काहींत आत वळलेला केस. पाच पात्यांचं रेझर, आफ्टरशेव्ह, क्रीम, सगळं करून झालं. वैताग नुसता!

चूक दिशेची निघाली. दोन दिवस दाढी वाढू दिली आणि बोट फिरवून पाहिलं. गळ्याखाली माझे केस वरच्या दिशेने वाढतात, आणि मी रेझर वरून खाली ओढत होतो.

आता अंघोळ झाल्यावर लगेच फेस लावतो, दोन मिनिटं थांबतो. मग एका पात्याचं सेफ्टी रेझर त्वचेशी साधारण 30 अंशांच्या कोनात धरून, दाब न देता, केसांच्या दिशेनेच. कातडी ताणत नाही. ताणली की केस त्वचेच्या आत कापला जातो. शेवटी गार पाणी. पातं पाच-सहा दाढ्यांनंतर बदलतो.

तीन आठवड्यांत पुळ्या गेल्या. मान पूर्वीइतकी गुळगुळीत होत नाही, पण चालतं.