विद्युत क्षेत्रात आयन सरकतात, लांबट कण वळतात: पडताळून पाहण्याची रीत

विद्युत क्षेत्र लावले की द्रावणातले सगळे भारित कण शिस्तीत रांग धरतात, असे चित्र अनेकांच्या मनात असते. प्रत्यक्षात लहान आयन (भारित अणू किंवा अणुगट) फक्त सरकतात. वळून दिशा धरतात ते लांबट कण. यांपैकी सरकणे साध्या साहित्याने पाहता येते.

काचपट्टीवर गाळणकागदाची तेवढ्याच मापाची पट्टी ठेवून मधोमध पेन्सिलीने आडवी रेघ मारावी, कागद नळाच्या पाण्याने भिजवावा आणि जादा पाणी टिपून घ्यावे. ऊर्ध्वपातित पाणी नको, कारण त्यात वीज वाहून नेणारे आयन नगण्य असतात. दोन्ही टोकांना क्लिपा लावून ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडाव्यात आणि हातमोजे घालून पोटॅशियम परमँगनेटचा एकच बारीक स्फटिक चिमट्याने रेघेवर ठेवावा. (त्वचेवर पडलेला तपकिरी डाग कित्येक दिवस जात नाही.)

सुरुवातीला जांभळा रंग चहूकडे पसरतो. ते नुसते विसरण असते, त्यावरून निष्कर्ष काढू नये. काही मिनिटांनी धनाग्राच्या (बॅटरीच्या धन टोकाला जोडलेल्या क्लिपेच्या) बाजूला रंगाचे शेपूट लांबत जाते, कारण परमँगनेट आयन ऋणभारित आहे. क्लिपांमधले अंतर ६ सेंमी असेल, तर क्षेत्र मीटरला ३०० व्होल्ट होते आणि मोकळ्या पाण्यात हा आयन मिनिटाला सुमारे १ मिमी सरकतो. कागदाच्या तंतूंमधून त्याहून सावकाश. पोटॅशियम आयन उलट दिशेने जात असतो, पण रंगहीन असल्याने दिसत नाही. रंग हललाच नाही, तर कागद वाळला आहे का, हे आधी पाहावे.

वळण्याची गोष्ट निराळी आहे. परमँगनेट आयन चौफेर सममित असल्याने त्याला धरण्याजोगी दिशाच नसते. याउलट तंबाखूच्या मोझॅक रोगाचा विषाणू ३०० नॅनोमीटर लांब आणि १८ नॅनोमीटर जाड अशी ऋणभारित काठीच असतो. त्याच्याभोवती जमलेला धन आयनांचा थर क्षेत्रामुळे एका टोकाकडे ढळतो, काठी द्विध्रुव (एक टोक धन, दुसरे ऋण) बनते आणि विरळ द्रावणात क्षेत्राला समांतर वळते. क्षेत्र उलटले की हा द्विध्रुवही उलटतो, म्हणून पुरेशा वारंवारतेच्या प्रत्यावर्ती (दिशा सतत उलटणाऱ्या) क्षेत्रात सरकणे जवळपास शून्य होते, पण वळलेपण टिकते. हे पाहायला एकमेकांना काटकोनात ठेवलेले दोन ध्रुवक (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या पट्ट्या, ज्या अशा ठेवल्यावर प्रकाश अडवतात) लागतात: काठ्या वळल्या की अंधारातून प्रकाश झिरपतो, आणि क्षेत्र काढल्यावर साधारण अर्ध्या मिलिसेकंदात तो ओसरू लागतो.