सह्याद्रीच्या ट्रेकमध्ये पुढे चालावे की मागे?

ट्रेकला नव्याने येणाऱ्यांपैकी काहींना पहिल्याच दिवशी रांगेच्या पुढे राहायचे असते, तर काहींना कसलीही जबाबदारी न घेता मधल्या घोळक्यात रमायचे असते. आपल्याला यांतले काय झेपेल हे ठरवताना छातीत दम किती आहे एवढे पाहून भागत नाही. वाट चुकल्याची शंका आली की आपण थांबतो की रेटत पुढे जातो, हे पाहावे लागते.

पहिले आठ-दहा ट्रेक मागे चालूनच करावेत. मागे चालणे म्हणजे पुढच्याच्या बुटांवर नजर ठेवून चढणे नव्हे. अठरा जणांची रांग दोन-दोन मीटरचे अंतर राखून चालली, तरी ती तीस मीटरांहून लांब होते आणि पावसाळ्यात, डोक्याच्या वर गेलेल्या कारवीत, लीडरला चौथा माणूसही दिसत नाही. म्हणून प्रत्येकाने आपल्या मागचा दिसतो आहे ना, हे अधूनमधून वळून पाहावे आणि तो दिसेनासा झाला की थांबून पुढे हाक द्यावी. गुडघा दुखत असेल तर पायथ्याशीच सांगावे.

पुढे चालण्यातली माझी एक चूक इथे सांगतो. खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगड चढताना खिंडीवरचा कातळटप्पा संपला की टेकाडांमागून टेकाडे लागतात आणि धुक्यात ती सगळी सारखीच दिसतात. तिथे एके ठिकाणी ढोरवाट फुटली होती. मी बरोबर वाटेने गेलो, पण मागच्यांसाठी थांबलो नाही. मधले सहा जण गुरांच्या वाटेला लागले आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. ते लक्षात आले शेवटी चालणाऱ्या मुलीच्या, कारण फाट्यावरच्या ओल्या मातीत बुटांचे ताजे ठसे दोन्ही वाटांवर उमटलेले तिने पाहिले आणि तिथेच उभे राहून शिट्टी वाजवली. त्या दिवशी लीडर कोण होते, हे ज्याने त्याने ठरवावे!

तेव्हापासून प्रत्येक फाट्यावर शेवटचा माणूस दिसेपर्यंत मी पाऊल उचलत नाही. सर्वांत हळू चालणाऱ्याला लीडरने आपल्या लगेच मागे घ्यावे, म्हणजे रांगेचा वेग आपोआप त्याच्या बेताचा होतो. त्याला शेवटी ठेवले, तर तो धापा टाकत पोहोचतो तेव्हाच बाकीचे विश्रांती संपवून उठलेले असतात. परत फिरण्याची वेळ पायथ्याशी सर्वांसमोर सांगून ठेवावी आणि माथा समोर दिसत असला तरी ती पाळावी. हे ज्याला जमणार नाही, त्याने पुढे चालू नये, मग तो कितीही काटक असो. गावातला वाटाड्या सोबत घेतला असेल, तर वाटेबाबत लीडरनेही त्याचेच ऐकावे. शहरातून फोनवर नकाशा उतरवून आणलेल्यांना हे जड जाते.

मागून पुढे येण्याआधी काही ट्रेक शेवटचा माणूस म्हणून करावेत. थकलेले, रेंगाळलेले, फोटोसाठी थांबलेले असे सगळे त्याच्याच वाट्याला येतात आणि कोणाची कुठे गाळण उडते, हे त्याच्याइतके लीडरलाही कळत नाही. प्रथमोपचाराची पेटी, जादा टॉर्च आणि शिट्टी त्याच्या सॅकमध्ये असावी. संकटाची खूण म्हणजे मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. उत्तर तीन शिट्ट्यांचे. हे निघण्यापूर्वी सर्वांना सांगावे.

उतरून गावात आल्यावर, चहा मागवण्याआधी, डोकी मोजावीत. ती लीडरने एकदा आणि शेवटच्या माणसाने एकदा, अशी वेगवेगळी मोजावीत आणि दोघांचे आकडे जुळल्याशिवाय कोणालाही जीपमध्ये बसू देऊ नये.